रॉयल मरीन कमांडो: केडगाव ते कांगॉ, आणि त्यांच्या सेवानोंदी वाचायच्या कशा

बखरवाचक (धागाकर्ता)

ब्रिटिश रॉयल मरीन कमांडोंवर मराठीत जे थोडंफार लिहिलं जातं ते डिएप, नॉर्मंडी आणि फॉकलंड यांच्यापुढे सरकत नाही. ४४ (रॉयल मरीन) कमांडो ही तुकडी जानेवारी १९४४ मध्ये मुंबई बंदरात उतरली, तिचा पहिला तळ पुण्याजवळ केडगावला पडला आणि दोन महिन्यांत ती ब्रह्मदेशातल्या आराकानच्या किनाऱ्यावर लढत होती. आपल्या दाराशी घडलेला हा इतिहास आहे आणि त्याचे कागद आजही शाबूत आहेत. ते वाचता येत नाहीत म्हणून तो दुर्लक्षित राहिला, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी हा धागा.

आधी वंशावळ थोडक्यात. दलाची सुरुवात २८ ऑक्टोबर १६६४. १७५५ मध्ये अॅडमिरल्टीने (ब्रिटिश आरमाराचा कारभार पाहणारं खातं) पन्नास कंपन्या उभ्या करून चॅटम, पोर्ट्समथ आणि प्लिमथ अशा तीन डिव्हिजनांत, म्हणजे बंदरांनुसारच्या मूळ विभागांत, वाटल्या. १८०२ मध्ये 'रॉयल' किताब मिळाला. तोफखाना आणि लाइट इन्फन्ट्री या दोन शाखा १९२३ मध्ये पुन्हा एक झाल्या. पहिली मरीन कमांडो तुकडी (पुढची ४० कमांडो) १४ फेब्रुवारी १९४२ ला डील इथे उभी राहिली आणि त्याच वर्षी १९ ऑगस्टला डिएपच्या किनाऱ्यावर होरपळून निघाली. ती स्वयंसेवकांची होती. ऑगस्ट १९४३ मध्ये मात्र मरीनच्या अख्ख्या बटालियनच कमांडोत बदलल्या: पहिली बटालियन झाली ४२, दुसरी ४३, तिसरी ४४, पाचवी ४५, नववी ४६, दहावी ४७.

नोंदी वाचताना हा बदल फार महत्त्वाचा ठरतो. सैनिकाच्या पानावर 'कमांडो' हा शब्द शोधत बसलात तर तो बऱ्याचदा सापडतच नाही. पानावर असते बटालियन, डिव्हिजन, एखाद्या किनारी तळाचं नाव आणि 'पासून–पर्यंत'च्या तारखा. तिसऱ्या बटालियनमधला मरीन १ सप्टेंबर १९४३ नंतरही तिथेच दिसत असेल तर तो ४४ मध्येच होता. कारकुनाने जुनं नाव पुढे चालवलेलं असतं, एवढंच. म्हणून क्रम असा ठेवा: नंबर, डिव्हिजन, तारीख, तारखेवरून तुकडी, आणि शेवटी तुकडीची युद्धदैनंदिनी. उलट्या वाटेने गेलं की माणूस हरवतो.

कोणत्या कागदांचा कुठला गठ्ठा, तेही सांगतो. (एडीएम, डीईएफई, डब्ल्यूओ ही अभिलेखागारातल्या गठ्ठ्यांची सांकेतिक अक्षरं.) लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात एडीएम १५९ मध्ये १८४२ पासून १९३६ पर्यंत भरती झालेल्या शिपायांच्या सेवानोंदी आहेत. भरतीचे मूळ फॉर्म एडीएम १५७ मध्ये, शरीरवर्णनाच्या वह्या एडीएम १५८ मध्ये. अधिकाऱ्यांसाठी एडीएम १९६. दुसऱ्या महायुद्धातल्या मरीन तुकड्यांच्या दैनंदिन्या एडीएम २०२ मध्ये, आणि कम्बाइन्ड ऑपरेशन्सचे (आरमार, लष्कर आणि हवाईदलाच्या संयुक्त मोहिमांचे) कागद, ज्यात कमांडोंच्याही पुष्कळ दैनंदिन्या आहेत, ते डीईएफई २ मध्ये. मरीनच्या खांद्याला खांदा लावून लढलेल्या लष्करी कमांडोंच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ २१८ मध्ये. एकाच लढाईसाठी या तिन्ही ठिकाणी हात घालावा लागतो.

गॅझेटवाला

उत्तम विषय. नंबर कसा वाचायचा ते एका खऱ्या नोंदीवर दाखवतो. दुसऱ्या महायुद्धात रॉयल मरीनला मिळालेला एकमेव व्हिक्टोरिया क्रॉस कॉर्पोरल थॉमस पेक हंटर यांचा. २ एप्रिल १९४५ ला इटलीत कोमाक्यो सरोवराच्या परिसरात ब्रेन गन घेऊन ते एकटे उघड्यावरून धावत सुटले. शत्रूचा सगळा मारा स्वतःवर ओढून घेतला आणि त्या अवधीत त्यांची ट्रूप (कमांडोतली छोटी तुकडी) आडोशाला पोचली. लंडन गॅझेटमध्ये, म्हणजे ब्रिटिश राजपत्रात, त्यांची ओळख एका ओळीत येते. कॉर्पोरल, पुढे कंसात टेंपररी, मग नाव, मग सीएच/एक्स ११०२९६, मग रॉयल मरीन, पुन्हा कंसात 'स्पेशल सर्व्हिस ट्रूप्सना जोडलेले', आणि ४३ कमांडो.

एकेक तुकडा सुटा करा. 'टेंपररी' म्हणजे हुद्दा युद्धापुरता, त्यामुळे सेवानोंदीत मूळ हुद्दा खालचा दिसू शकतो. ती चूक समजू नका. 'सीएच' म्हणजे चॅटम डिव्हिजन. 'पीओ' पोर्ट्समथ, 'पीएलवाय' प्लिमथ. युद्धकाळात 'ईएक्स'सुद्धा दिसतं, तो डेव्हनमधला एक्स्टन डेपो, म्हणजेच आजचं लिम्पस्टोन. 'एक्स' हे अक्षर १९२५ नंतरच्या वेतनश्रेणीत भरती झालेल्यांना लागतं. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. सीएच/१२३४५ आणि सीएच/एक्स १२३४५ ही दोन वेगळी माणसं असतात, आणि त्यांच्या वयात एका पिढीचं अंतर असू शकतं. यादी टंकताना 'एक्स' गाळला की आजोबांच्या जागी भलताच माणूस येतो.

आणि 'जोडलेले' हा शब्द. मरीन कायम आपल्या डिव्हिजनचा असतो, कमांडोत तो 'जोडलेला' असतो. पगार, बढती आणि नोंदी डिव्हिजन सांभाळते.

शेवंती

अधिकाऱ्यांच्या बाबतीत नंबर कुठे मिळतो? ४४ चे पहिले कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल हॉर्टन आणि ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर नॉनवायलर यांच्या नावांपुढे कुठेच नंबर दिसला नाही. आणि ज्येष्ठतेची तारीख नेमणुकीच्या तारखेच्या आधीची कशी काय असते?

बखरवाचक

@शेवंती, मरीन अधिकाऱ्यांना असा नंबर नसायचाच. लष्करी अधिकाऱ्यांना असायचा, त्यामुळे कमांडो ब्रिगेडच्या मिश्र यादीत नंबर नसलेला अधिकारी दिसला की तो मरीन असण्याची शक्यता मोठी. अधिकाऱ्याची ओळख तीन गोष्टींनी पक्की होते: पूर्ण नाव, पहिल्या कमिशनची तारीख आणि ज्येष्ठतेची तारीख. पैकी तिसरी सर्वांत भरवशाची, कारण नेव्ही लिस्टमध्ये (आरमारी अधिकाऱ्यांच्या छापील यादीत) मरीन अधिकारी ज्येष्ठतेच्या क्रमानेच छापलेले असतात.

ज्येष्ठता मागच्या तारखेपासून देण्याची पद्धत होती, म्हणून ती नेमणुकीच्या आधीची दिसते. हुद्द्यांचे प्रकारही नीट वेगळे ठेवा. 'सब्स्टँटिव्ह' हा कायम हुद्दा. 'अॅक्टिंग' म्हणजे त्या जागेवर असेपर्यंत. 'टेंपररी' युद्धापुरता. एखादा माणूस एकाच दिवशी कॅप्टन (कायम), मेजर (टेंपररी) आणि लेफ्टनंट कर्नल (अॅक्टिंग) असू शकतो. जखमी होऊन इस्पितळात गेला की अॅक्टिंग हुद्दा सुटतो आणि वाचणाऱ्याला वाटतं शिक्षा झाली. शिक्षा वगैरे काही नसते.

जुन्या काळासाठी एक गोष्ट ध्यानात असू द्या. लष्करात कमिशन विकत घेता यायचं, १७५५ नंतरच्या मरीनमध्ये नाही. बढती निव्वळ ज्येष्ठतेने, त्यामुळे एडीएम १९६ मध्ये पांढऱ्या केसांचे कॅप्टन भरपूर भेटतात. वय आणि हुद्दा यांचा मेळ बसत नाही म्हणून नोंद टाकून देऊ नका.

मुठाकाठ

स्थळनामांबद्दल लिहितो, कारण इथले आपले लोक या कामात जगातल्या कुठल्याही अभ्यासकाच्या पुढे जाऊ शकतात.

पहिलं, केडगाव. महाराष्ट्रात केडगावं एकाहून जास्त. एक दौंड तालुक्यातलं, पुणे–दौंड लोहमार्गावरचं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे सगळ्यांना माहीत असलेलं. दुसरं अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) लागून. कमांडोंच्या कागदांत केडगावचा उल्लेख पुण्याच्या संदर्भात आणि रेल्वेप्रवासासोबत येतो, म्हणून ते दौंड तालुक्यातलं. नकाशावर नगरजवळ खूण करून ठेवलेली दिसली तर दुरुस्त करून घ्या.

दुसरं, खडकवासला. आपल्या 'ड'चा उच्चार इंग्रज कारकुनाच्या कानाला 'र' वाटला, म्हणून कागदांत 'खरकवासला' असं रूप येतं, कधी शेवटच्या भागात 'व' कधी 'डब्ल्यू'. खडकीचं 'किरकी' झालं तसंच. शोधखिडकीत आजचं स्पेलिंग टाकलं तर काहीच हाती लागत नाही. तिन्ही-चारही रूपं वेगवेगळी टाकून पाहावी लागतात. आराकानातल्या कांगॉच्या लढाईनंतर ४४ ची ब्रिगेड परत आली ती याच खडकवासल्याला, मलायावरच्या 'झिपर' मोहिमेची तयारी करायला.

तिसरं मला सर्वांत जवळचं. खडकवासला धरणाच्या उत्तर काठावर उभयचर युद्धाचं एक प्रशिक्षण केंद्र होतं आणि तिथे सैनिकांना उतरण्याचा सराव देण्यासाठी नकली जहाज उभारलेलं होतं. नाव 'एचएमएस अँगोस्तुरा'. समुद्रापासून सह्याद्रीच्या अलीकडे, गोड्या पाण्याच्या काठी आरमारी नाव धारण केलेलं जहाज! युद्धानंतर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना हे जुनं केंद्र आणि ते नकली जहाज खडकवासल्याच्या बाजूने जमेस धरलं गेलं. ६ ऑक्टोबर १९४९ ला प्रबोधिनीची कोनशिला तिथेच बसली.

तांडेल

@मुठाकाठ यांच्या अँगोस्तुरावरून पुढचा मुद्दा. आरमारी नोंदीत 'एचएमएस' दिसलं की जहाज समजायचं नाही. किनाऱ्यावरचे तळ, शाळा, अगदी पगार कचेऱ्यासुद्धा जहाजाचं नाव घेऊन असत. मुंबईतला ब्रिटिश आरमाराचा तळ 'एचएमएस ब्रॅगँझा'. लँडिंग क्राफ्टवरच्या मरीनच्या पानांवर 'कोप्रा' हे नाव वारंवार येतं. ते कम्बाइन्ड ऑपरेशन्सच्या पगार, नोंदी आणि हिशेब या कचेरीचं आद्याक्षरी नाव आहे. जहाजांच्या यादीत कोप्रा शोधणाऱ्याला ते कधीच मिळणार नाही. माणूस आराकानच्या खाडीत नाव हाकत असतो आणि कागदावर स्कॉटलंडमधल्या हिशेबखात्यात. अशा वेळी फ्लोटिलाचा (नावांच्या ताफ्याचा) क्रमांक शोधा. तो पानाच्या कडेला, पेन्सिलीने लिहिलेलाही असतो.

आता ४४ च्या दैनंदिनीकडे. दैनंदिनीचा फॉर्म ठरलेला, आर्मी फॉर्म सी २११८. रकाने: स्थळ, तारीख, वेळ, घडलेल्या गोष्टींचा सारांश, आणि उजवीकडे जोडपत्रांचा संदर्भ. बहुतेक वाचणारे सारांश वाचून थांबतात. खरा ऐवज जोडपत्रांत असतो: हल्ल्याचे हुकूम, हाताने काढलेले नकाशे, मृत आणि जखमींच्या याद्या. अधिकाऱ्यांची साप्ताहिक हजेरी फॉर्म डब्ल्यू ३००८ वर असते, त्यात प्रत्येक अधिकाऱ्याचं नाव आणि नेमणूक मिळते. शिपायांसाठी डब्ल्यू ३००९, पण त्यात बहुधा नुसते आकडे. म्हणजे अधिकारी कोणत्या आठवड्यात कुठे होता हे दैनंदिनीवरून सिद्ध करता येतं, साध्या मरीनचं येत नाही. त्याच्यासाठी जखमींची यादी किंवा पदकाची शिफारस हाच आधार.

४४ चा प्रवास असा मांडा आणि माणसाच्या तारखा त्यावर ठेवून पाहा. जानेवारी १९४४ मुंबई, मग केडगाव. तिथून कोचीनला सराव. ११/१२ मार्च १९४४ च्या रात्री आराकानमध्ये अलेथांग्यॉला उतरणं. मग आसामात सिल्चर. पुढे सिलोनमध्ये त्रिंकोमाली. तिथे ४२ (रॉयल मरीन) आणि लष्करी १ नंबर कमांडो येऊन मिळाले. या दोन तुकड्या भूमध्य समुद्रात त्यांच्या जहाजावर विमानहल्ला झाल्याने मागे राहिल्या होत्या, म्हणून १९४४ च्या पूर्वार्धात ४२ चा माणूस केडगावला दाखवणारी नोंद संशयास्पद समजा. नंतर टेकनाफ. ३ जानेवारी १९४५ अक्याब, १२ जानेवारी मायबोन, २२ जानेवारी कांगॉ.

तारखेतली तिरपी रेघ फार महत्त्वाची. '११/१२' म्हणजे रात्र. पदकाच्या शिफारशीत ११ आणि मृत्यूच्या नोंदीत १२ आलं तरी विसंगती नसते.

गॅझेटवाला

तांडेलांच्या यादीत नावबदलाची भर. डिसेंबर १९४४ पर्यंत ब्रिगेडचं अधिकृत नाव '३ स्पेशल सर्व्हिस ब्रिगेड'. आद्याक्षरं 'एसएस' होत होती आणि ती जर्मन एसएसची आठवण करून देत, त्यामुळे सैनिकांना अजिबात रुचत नव्हती. त्या महिन्यात नाव '३ कमांडो ब्रिगेड' झालं. म्हणजे अलेथांग्यॉचे कागद 'स्पेशल सर्व्हिस'खाली आणि कांगॉचे 'कमांडो'खाली. एकच शब्द टाकून शोधलं तर अर्धी मोहीम गायब.

ट्रूपच्या नावांवरूनही दल ओळखता येतं. मरीन कमांडोंत ट्रूप अक्षरांनी ओळखल्या जात (ए, बी, एक्स, वाय वगैरे), लष्करी कमांडोंत आकड्यांनी. पत्रात 'चार नंबर ट्रूप' असेल तर माणूस बहुधा लष्करी कमांडोतला.

शेवंती

कांगॉबद्दल कुणी सविस्तर लिहील का? हिल १७० चं नाव वाचलंय, पण तिथे हिंदी सैन्यही होतं असं एका ठिकाणी ओझरतं आलं होतं.

बखरवाचक

ओझरतं येतं हेच दुखणं आहे.

कांगॉचा भूगोल कोकणातल्या माणसाला लगेच कळेल. समुद्रापासून आत शिरलेल्या खाड्या (तिथे त्यांना चाउंग म्हणतात), दोन्ही काठांना खारफुटी, ओहोटीला मांडीभर चिखल, आणि पलीकडे भातशेतीतून उठलेल्या टेकड्या. त्या टेकड्यांमागून जपानी सैन्याचा माघारीचा रस्ता जात होता. तो तोडायचा म्हणून २२ जानेवारी १९४५ ला ब्रिगेडियर कॅम्बेल हार्डी यांची ३ कमांडो ब्रिगेड डाइंगबॉन चाउंगमधून उतरली. ब्रिगेडमध्ये चार तुकड्या: १ आणि ५ लष्करी, ४२ आणि ४४ मरीन. रणगाडे, तोफा, गोळाबारूद सगळं खाडीतूनच यायचं, आणि भरतीची वेळ हुकली की नाव चिखलात रुतून बसायची. दैनंदिनीत वेळेच्या रकान्याशेजारी भरती-ओहोटीचे उल्लेख येतात ते वगळून वाचू नका. कुमक उशिरा का पोचली याचं उत्तर बऱ्याचदा तिथे मिळतं.

३१ जानेवारीला जपान्यांनी हिल १७० वर सर्वांत जोरदार हल्ला चढवला. १ नंबर कमांडोचे लेफ्टनंट जॉर्ज नोलँड त्यांच्या चोवीस जणांच्या पथकासह टेकडीच्या टोकावर होते. तिथेच ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इथेही नोंदीचा गुंता आहे: नोलँड कमांडो असले तरी गॅझेटमध्ये ते रॉयल नॉरफोक रेजिमेंटचे. मरीन डिव्हिजनचा, लष्करी कमांडो आपल्या मूळ रेजिमेंटचा.

आणि हिंदी सैन्य. २५ व्या हिंदी डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड याच लढाईत उतरली. तिच्या तिन्ही बटालियनांचे कमांडिंग ऑफिसर हिंदी होते: ८/१९ हैदराबादचे (१९ व्या हैदराबाद रेजिमेंटची ८ वी बटालियन, पुढचे आकडेही असेच वाचा) थिमय्या, १६/१० बलुचचे एल. पी. सेन आणि २/२ पंजाबचे एस. पी. पी. थोरात. होय, आपले शंकरराव पांडुरंग पाटील थोरात, जे पुढे लेफ्टनंट जनरल झाले आणि ईस्टर्न कमांडचे प्रमुख होते. जानेवारीच्या अखेरीस 'मेलरोझ' हे सांकेतिक नाव असलेली टेकडी थोरातांच्या पंजाबी जवानांनी हातघाईने घेतली. तिघांनाही डीएसओ (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर) मिळाला.

कमांडोंच्या दैनंदिनीत हिल १७० भरून आहे, मेलरोझ एखाद्या ओळीत. ५१ व्या ब्रिगेडचे कागद डब्ल्यूओ १७२ या आग्नेय आशिया कमांडच्या दैनंदिन्यांत आहेत, आणि थोरातांच्या डीएसओची शिफारस डब्ल्यूओ ३७३ मध्ये. कांगॉवर लिहिणाऱ्या मराठी माणसाने निदान हे दोन गठ्ठे उघडल्याशिवाय लेखणी उचलू नये.

मुठाकाठ

+१. आणि तारखा जुळवताना ब्रिगेडची दैनंदिनी आधी, बटालियनची नंतर. बटालियनची दैनंदिनी अनेकदा लढाई संपल्यावर एका बैठकीत लिहिलेली असते. तीन दिवसांच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील तर वेळा अंदाजे धरा.

दस्तऐवज

पदकांवरून काय कळतं ते इथे आलं नाही, म्हणून लिहितो.

मरीन दोन घरचा पाहुणा. आरमाराच्या हुकमतीखाली लढला तर शिपायाला डीएसएम (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल) आणि अधिकाऱ्याला डीएससी (डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस). लष्कराच्या हुकमतीखाली लढला तर शिपायाला मिलिटरी मेडल आणि अधिकाऱ्याला मिलिटरी क्रॉस. म्हणजे पदकाच्या नावावरूनच त्या दिवशी हुकूम कुणाचा चालत होता ते समजतं, आणि शिफारस एडीएम १ मध्ये शोधायची की डब्ल्यूओ ३७३ मध्ये, ते ठरतं.

फ्रान्समधल्या बोर्दो बंदरातली जहाजं सुरुंगांनी उडवण्याची फ्रँकटन मोहीम यासाठी नमुना म्हणून घ्या. मेजर हॅस्लर यांच्या पथकाचं नाव होतं रॉयल मरीन बूम पेट्रोल डिटॅचमेंट. बंदराच्या अडसरांवर गस्त घालणारं पथक, असं वाटायला लावणारं हे नाव मुद्दाम ठेवलेलं. कमांडो हा शब्द त्यात नाही. ७ डिसेंबर १९४२ च्या रात्री 'ट्यूना' पाणबुडीतून दोन माणसांच्या, घडी होणाऱ्या कनू बिस्केच्या उपसागरात उतरवल्या. सहा आणल्या होत्या, त्यांतली 'कॅशलॉट' नावाची कनू पाणबुडीच्या झडपेतून बाहेर काढताना फाटली, उरल्या पाच. प्रत्येक कनूत आठ लिंपेट (जहाजाच्या तळाला चिकटणारे) सुरुंग. नदीमुखाजवळच्या उलट्या भरतीच्या लाटांनी दोन कनू गिळल्या, एक पुढे वाटेत गेली, आणि बोर्दोला पोचल्या दोनच: हॅस्लर–स्पार्क्स यांची 'कॅटफिश' आणि लेव्हर–मिल्स यांची 'क्रेफिश'. दहापैकी जिवंत परतले हॅस्लर आणि स्पार्क्स. दोघांचा थंडीने आणि पाण्याने बळी घेतला, सहा जणांना जर्मनांनी पकडून, गणवेशात असूनही, गोळ्या घातल्या.

आता पदकं पाहा. हॅस्लर डीएसओ, स्पार्क्स डीएसएम. लेव्हर आणि मिल्स यांनी तेच काम त्याच रात्री केलं, तरी त्यांच्या नावापुढे नुसता 'मेन्शन्ड इन डिस्पॅचेस', म्हणजे युद्धअहवालात नावाचा उल्लेख. त्यांचं शौर्य कमी लेखलं गेलं असा अर्थ काढू नका. त्या काळच्या नियमानुसार रणांगणातल्या शौर्यासाठी मरणोत्तर फक्त व्हिक्टोरिया क्रॉस किंवा मेन्शन देता यायचं, मधली सगळी पदकं हयात माणसालाच. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हा नियम होता. जुन्या नोंदीत मेन्शन दिसलं आणि शेजारी मृत्यूची तारीख दिसली की शिफारशीचा मूळ कागद जरूर काढा. आत काय लिहिलं होतं ते वाचून मान खाली जाते.

आणखी एक. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात 'कमांडोचा बर्मा स्टार' (ब्रह्मदेश मोहिमेचं पदक) म्हणून काही विकायला आलं तर पैसे टाकण्याआधी थांबा. ब्रिटिश सैनिकांना दिलेले त्या युद्धाचे स्टार कोरे असत, कडेवर नाव-नंबर नसतो. नुसता स्टार कुणाचाच नसतो. सोबत सेवापुस्तिका, पदकाच्या डब्यातली चिठ्ठी किंवा नाव कोरलेलं दुसरं पदक हवं.

शेवंती

मृतांच्या नोंदी? ब्रह्मदेशात पडलेल्या मरीनची नावं रंगून मेमोरियलवर शोधली, सापडली नाहीत.

तांडेल

तिथे मिळणार नाहीत. ज्याची कबर आहे तो मरीन त्या भागातल्या युद्धस्मशानात, ब्रह्मदेशासाठी मुख्यतः टाउक्यानमध्ये. ज्याची कबर नाही त्याचं नाव त्याच्या डिव्हिजनच्या बंदरावरच्या आरमारी स्मारकावर: चॅटम, पोर्ट्समथ किंवा प्लिमथ. इथे पुन्हा नंबराआधीची अक्षरं कामाला येतात. रंगून मेमोरियलवर भूदलाची माणसं.

प्रशिक्षणात, आजाराने किंवा अपघातात आपल्या भागात दगावलेल्यांसाठी खडकीचं युद्धस्मशान पाहा. पश्चिम आणि मध्य भारतातल्या कबरी तिथे एकत्र आणल्या गेल्या, दुसऱ्या महायुद्धाच्या १६६८ आहेत. मरीनच्या दगडावर पृथ्वीगोल आणि भोवती लॉरेलची माळ कोरलेली असते, ती लांबूनही ओळखू येते. दगडावरचा नंबर तसाच्या तसा उतरवून घ्या, तिरप्या रेघेसकट.

दस्तऐवज

एडीएम १५९ चं पान समोर आलं की डोळे कुठे फिरवायचे, तेही सांगून ठेवतो. वर नाव, नंबर, डिव्हिजन. त्याखाली जन्मस्थळ, धर्म, भरतीपूर्वीचा धंदा, उंची, केस, डोळे, अंगावरच्या खुणा. मधल्या भागात जहाज किंवा डिव्हिजन, पासून, पर्यंत, वर्तणूक आणि कौशल्य. 'व्हीजी' म्हणजे उत्तम वर्तणूक. शेवटच्या रकान्यातलं 'डीडी' म्हणजे सेवेत असताना मृत्यू. याचा अर्थ लढाईतच असा नव्हे. 'रन' म्हणजे पळून गेला. काही नोंदींत 'रन'वर रेघ मारून पुढे तारीख असते: परत आला किंवा पकडला गेला. पहिलाच शब्द उचलून कुणाला पळपुटा ठरवणं हा मोठा अन्याय आहे, आणि तो छापील लेखांतही झालेला दिसतो.

बखरवाचक

युद्धकाळात भरती झालेल्यांच्या नोंदी मिळवण्याबद्दल: या नोंदी ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाकडे होत्या आणि २०२२ पासून सर्वच दलांच्या लाखो फायली टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जात आहेत. त्यामुळे अर्ज करण्याआधी ती फाईल आज कोणाकडे आहे ते अभिलेखागाराच्या सूचीत तपासा. चुकीच्या दारात अर्ज टाकला की काही महिने वाया. माणसाच्या जन्माला ११५ वर्षं झाली नसतील तर मृत्यूचा पुरावा जोडा. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि अक्षरांसकट नंबर द्या. तिन्हीपैकी दोन तरी पक्क्या हव्यात, नुसत्या आडनावावर काम होत नाही.

क्यूला स्वतः जाणाऱ्यांनी रीडर्स तिकीट काढावं. त्यासाठी ओळखीचा आणि पत्त्याचा असे दोन पुरावे मूळ स्वरूपात लागतात. वाचनकक्षात पेन चालत नाही, पेन्सिल न्या. स्वतःच्या कॅमेऱ्याने फोटो काढता येतात. प्रत्येक फाईलचा पहिला फोटो तिच्या क्रमांकाच्या चिठ्ठीचा घ्या, म्हणजे नंतर पानांची सरमिसळ होत नाही.

रेतीबंदर

आपल्या मार्कोसच्या, म्हणजे भारतीय नौदलाच्या कमांडोंच्या, नोंदी अशा पाहता येतील का?

गॅझेटवाला

@रेतीबंदर, मुळात रचनाच वेगळी. मार्कोस हे मरीनसारखं स्वतंत्र दल नाही, त्यातले अधिकारी आणि नौसैनिक भारतीय नौदलाचेच. १९८७ मध्ये इंडियन मरीन स्पेशल फोर्स म्हणून सुरुवात, १९९१ मध्ये मरीन कमांडो फोर्स. त्यामुळे १९८७ च्या श्रीलंकेतल्या ऑपरेशन पवनमधल्या किंवा १९८८ च्या मालदीव मोहिमेतल्या कागदांत 'मार्कोस' शोधलंत तर तो शब्द तेव्हा नव्हताच. जाफना बंदरावरच्या कारवाईसाठी लेफ्टनंट अरविंद सिंग यांना महावीरचक्र मिळालं. त्यांच्यासारख्यांची मानपत्रं सरकारने जाहीर केलेली आहेत आणि आज सामान्य वाचकाला खात्रीने मिळणारा कागद तोच.

नौसैनिकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधल्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात, पण त्या माजी नौसैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या निवृत्तिवेतनादी कामांसाठी. संशोधकाला त्या खुल्या नाहीत, आणि हयात कमांडोंच्या बाबतीत ते योग्यच आहे. मोहिमांच्या कागदांसाठी जून २०२१ चं संरक्षण मंत्रालयाचं धोरण पाहा: सर्वसाधारणपणे २५ वर्षांनी युद्धविषयक कागद खुले करायचे, असं त्यात म्हटलंय. अर्ज करताना त्याचाच हवाला द्या.

मुठाकाठ

बखरवाचक, मूळ लेखात एक भर घाला, नाहीतर नवा वाचक हमखास फसेल. युद्धानंतर लष्करी कमांडो बरखास्त झाले आणि ३ कमांडो ब्रिगेड पूर्णपणे मरीनची झाली. १९४७ मध्ये ४४ कमांडोला ४० हा क्रमांक देण्यात आला. म्हणजे डिएपला गेलेली ४० आणि १९४७ नंतरची ४० यांच्यामध्ये केडगाव–कांगॉ करून आलेली ४४ आहे. १९४८ च्या नोंदीत '४० कमांडो' असलेला माणूस १९४४ मध्ये आराकानात असू शकतो.

बखरवाचक

बरोबर, घालतो. शिवाय बदलाच्या वर्षातल्या नोंदी दोन्ही क्रमांकांखाली शोधाव्या लागतील, तेही लिहितो. ४४ च्या मार्च १९४४ च्या दैनंदिनीतली अलेथांग्यॉची जोडपत्रं ज्यांनी वाचली असतील त्यांनी स्थळनामांची मूळ स्पेलिंगं इथे देवनागरीत उतरवावीत. खाड्यांची नावं प्रत्येक पानावर वेगळी आहेत, आणि त्यांची एक जुळणीयादी करायला घेतली आहे.